हॉलंडच्या बाईंचं औक्षण

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय दमू,

तुझा निरोप केशवनं मला वाचून दाखवला. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी येते, उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको. मी तेव्हा गप्प बसले. केशवला वाटलं, आईला पटलं. दोन वर्षांपूर्वी आमचे जावई, मधुसूदनराव, गेले, तेव्हापासून तू प्रत्येक कार्याला अशीच मांडव उतरताना पोचतेस आणि उरलेला लाडू खाऊन पुण्याची गाडी धरतेस. पण हे केशवचं, तुझ्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, दमू. उत्तर देणार आहे मी तुला. आधी इकडची खबर ऐक. फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू ‘हो आई, बघू’ म्हणून विषय बदलतेस. पत्राला तसं करता येत नाही.

खबर अशी, की आपली सुंठ हॉलंडला निघाली. आपल्या बायकांच्या कंपनीची, आपल्या नावानं. आजवर कन्नड तालुक्यातून आलं आणायचं, इथं शेडमध्ये सोलायचं, वाळवायचं आणि मुंबईच्या व्यापाऱ्याच्या हवाली करायचं, एवढंच आपलं काम. पुढं ती कुठल्या देशात जाते, कोण खातं, काही कळायचं नाही. आता आपलं सरकार आणि हॉलंडचं सरकार यांनी मिळून एक योजना काढली आहे, की लहान उत्पादकांकडून त्यांच्या व्यापाऱ्यांनी थेट माल घ्यावा. त्यात आपला नंबर लागला. त्यांच्या बंदरात उतरलेला माल म्हणे अर्ध्या युरोपात जातो. मी नकाशा आणून शेडमध्ये लावला आहे. द्वारकाबाईंनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, “एवढुसा देश, अन् तोरा केवढा!”

तोरा होताच. माल घ्यायच्या आधी त्यांचे नियम आले. भिंती पांढऱ्या करा, केसांवर टोप्या घाला, इथवर आम्ही मुकाट्यानं ऐकलं. पण पुढं होतं, की आत काम करताना हातात बांगडी नको, गळ्यात काही नको, कपाळावर टिकली-कुंकू नको. एखादा मणी, एखादी काच मालात पडली तर सगळा माल परत. अग, काय भडका उडाला! साळूबाई तर टोपी फेकून उभीच राहिली. “माझा मालक जित्ता हाये अन् मी बांगड्या उतरू व्हय? सांगा त्या हॉलंडवाल्याला, नाय पाहिजे तुझा धंदा!” सगळ्या तिच्या मागून घरी गेल्या आणि शेड बंद पडलं. मी एकटीच आत बसून राहिले. मला उतरवायला काही नव्हतंच.

मग मी घरोघर फिरले. नियम चांगला की वाईट, यावर वाद घातलाच नाही. शेडच्या दाराशी प्रत्येकीच्या नावाचा स्टीलचा डबा ठेवला आणि म्हटलं, ऑपरेशनला नेताना दवाखान्यात काढून ठेवता ना, तसंच हे. संध्याकाळी परत घालायचं. कुरकुरत आल्या एकदाच्या. पहिल्या दिवशी साळूबाई घटकाघटकेला बाहेर जाऊन नवऱ्याला फोन करत होती. “हायेत ना?” एवढंच विचारायची आणि ठेवायची. शेवटी त्यानं वैतागून फोन बंद केला, तर ही रडायलाच लागली! कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन त्याला उचलून आणलं, दाखवलं, तेव्हा हिचे हात परत आल्याला लागले. आज त्याच बायका बोलता बोलता मंगळसूत्र डब्यात टाकतात, तिकडं बघतही नाहीत.

तर गेल्या आठवड्यात करारावर सह्या करायला दिल्लीहून हॉलंडच्या वकिलातीतल्या व्यापार विभागाच्या प्रमुख आल्या. योहाना बाई. उंच, पांढरे केस, पायात साधे बूट. शेड त्यांच्या पसंतीस उतरलं तरच सही होणार होती. जिल्ह्याच्या कचेरीतले अधिकारी काकासाहेब दोन दिवस आधीच येऊन बसले होते. त्यांनी स्वागत ठरवून टाकलं. दारात पाच सवाष्णींनी ओवाळायचं, तबक चतुराबाईच्या हातात, आणि मी माइकपाशी. कंपनीची अध्यक्ष मी; पण ओवाळायचा विषय निघाला की माझं नाव आपोआप गळतं. कुणी गाळत नाही, नुसतं गळतं. मला त्याची इतकी सवय झाली होती, की मीच माइक तपासत बसले.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांना आपली रीत ठाऊक असावी, कारण उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी मान खाली केली. तेवढ्यात त्यांच्याबरोबरची दुभाषी मुलगी द्वारकाबाईंशी काहीतरी बोलली. बोलण्यात एवढंच आलं, की मॅडम आता एकट्याच फिरतात, त्यांचे मिस्टर वारले. झालं. ते या कानातून त्या कानात गेलं आणि चतुराबाईचा हात तबकावरच थिजला. “इधवंला कुंकू कसं लावावं?” “नुस्ती फुलं द्या हातात.” “अन् ववाळायचं?” दोन देशांचा व्यापार एका चिमटीपाशी अडून बसला, दमू! ती माउली उन्हात मान खाली घालून उभी, निरांजन वाऱ्यानं फडफडतंय आणि काकासाहेब रुमालानं टक्कल पुसताहेत. त्या बाईंना वाटलं असेल, काही मंत्र चालू आहे.

मला त्या वाकलेल्या मानेकडे बघवेना. माझं डोकं असं तापलं, की माइक टाकून मी पुढं गेले आणि चतुराबाईच्या हातून तबक घेतलं. म्हटलं, रोज सकाळी मंगळसूत्र डब्यात टाकून आत जाता, आजवर एकीचा तरी नवरा गेला का? मग एका चिमटीनं कुणाचं काय जाणार आहे? मी बाईंच्या कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग तबक चतुराबाईपुढं धरलं आणि म्हटलं, आता मला लाव. ती मागं सरली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पण मागून साळूबाई आली. होय, तीच, फोनवाली. तिनं एवढी मोठी चिमूट भरली, की निम्मं कुंकू माझ्या नाकावर पडलं. तुझे बाबा गेल्यापासून कपाळाला पहिल्यांदा काही लागलं. मी ते पुसलं नाही.

खरी गंमत पुढं. कपाळावर कुंकू घेऊन आत जाता येईना, नियम त्यांचाच! बाईंनी हसत हसत पर्समधून रुमाल काढला. मी नको म्हटलं. नियम मोडायचा नाही आणि कुंकूही पुसायचं नाही. आम्ही दोघी बाहेरच उभ्या राहिलो आणि काचेतून मी त्यांना सगळं शेड दाखवलं. त्यांच्याबरोबरचा तपासणीस टोपी घालून आत जाऊन आला. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, की दारात मघाशी काय अडलं होतं. दुभाषी मुलगी सारवासारव करायला लागली. मी तिला म्हटलं, जे आहे तेच सांग. ऐकून बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, आमच्याकडे कुंकू नसतं, पण टेबलाभोवती जोड्या बसवतात. नवरा गेल्यापासून मला जेवणाची आमंत्रणं येणं थांबलं. कामाच्या बैठका येतात, जेवणं येत नाहीत. एवढी मोठी बाई, दमू, देशाच्या वतीनं सह्या करणारी!

सह्या झाल्या. पण त्याआधी मी दोन गोष्टी मागून घेतल्या. तुमचे नियम यापुढं मराठीतून पाठवा, वाचता आले तरच पाळता येतील. आणि पोत्यावर आमच्या कंपनीचं नाव हवं. काकासाहेब टेबलाखालून माझा पाय दाबत होते. मी पाय काढून घेतला. दोन्ही गोष्टी मिळाल्या.

त्या रात्री मला तुझं लग्न आठवत राहिलं. तुझे काका-काकू पाटावर बसले, कन्यादान त्यांनी केलं, आणि तुला वाढवणारी मी कोठीत शिधा मोजत बसले होते. मंगलाष्टकं भिंतीपलीकडून ऐकली. तू शालू सावरत मला शोधत आलीस, पाया पडलीस, आणि मी तुला घाईनं बाहेर पिटाळलं, कुणी बघेल म्हणून. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊही नये. केशवच्या देवकाला मीच बसणार आहे, हे मी भावकीला सांगून टाकलं आहे. काकू फुगून बसल्या आहेत. फुगू देत.

आणि आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. केशवमागं करवली म्हणून करा घेऊन कोण उभं राहणार, हे विचारायला परवा नवरीचे काका, आप्पासाहेब, आले होते. फार गोड बोलले. दमयंतीचा मान आहेच, पण जरा त्या वेळेपुरती एखादी चुलतबहीण उभी करा, आमच्याकडची म्हातारी माणसं मनाला लावून घेतात. मी सांगितलं, करवली दमयंतीच. ती नसेल तर आमच्या दारातून वरात निघणार नाही. केशव शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “आप्पासाहेब, चहा घ्या, निवतोय.” मुलीचा मात्र रात्री फोन आला, ताई येणार ना म्हणून. तिच्या घरच्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल, नाही येईल. लग्न मोडलं तरी माझा शब्द मोडणार नाही. पण तो शब्द मी तुला न विचारता देऊन बसले आहे, दमू. तुझी जागा मी भांडून अडवून ठेवली आहे आणि तिथं दुसरं कुणी उभं राहणार नाही. तू नाही आलीस तर ती रिकामी राहील, साऱ्या मांडवादेखत. तुला नाहीच म्हणायचं असेल तर म्हण. पण ते पुण्यात बसून नाही. हळदीच्या दिवशी इथं ये, माझ्यासमोर उभी राहा आणि मग म्हण.

तुझीच,
आई