नऊ मीटरला एक

११ ऑगस्ट, घाटघर
जुन्नरहून एसटीने पोचलो. पुण्याच्या ऑफिसातल्या खुर्चीतून उठून थेट ढगात! आता इथल्या हवामान केंद्राचा कारभार माझ्याकडे. खोली इंद्रायणीबाईंच्या घराला लागून, जेवणही त्यांच्याचकडे. नाचणीची भाकरी आणि करटुल्याची भाजी. दोन महिन्यांत ढेरी सुटणार माझी.

१२ ऑगस्ट
बाईंना हवेचा दाब मोजायच्या यंत्राची गंमत दाखवायला गेलो. वर जावं तशी डोक्यावरची हवा कमी होते, दाब उतरतो. इथे साधारण नऊ मीटर चढलं की आकडा एकाने कमी. यंत्र जमिनीवर ठेवलं, मग माळ्यावर. दशांशातला फरक दाखवला. त्या म्हणाल्या, ठाव हाय भाऊ, आमच्या मालकांनी शिकवलंय. मी विषय बदलला.

१४ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहावं. बाईंचा नवरा सावळेराम माझ्याआधी इथे होता. गेल्या पावसाळ्यात कड्यावरून पडला, सापडलाच नाही. गळ्यातलं दोन नंबरचं यंत्रही त्याच्याबरोबर गेलं.
त्याला तिथे मी पाठवलं होतं. कड्यावरच्या यंत्राची उंची मी पुण्यात बसून संगणकात गावाचीच टाकली. कडा गावापेक्षा नव्वद मीटर उंच, त्यामुळे आकडा दहाने कमी यायचा. सावळेराम फोनवर म्हणाला, सायेब, यंत्र बरुबर हाय, उंची तुमची चुकलीय. माझं डोकं फिरलं. यंत्र तपासायला चार वेळा धुक्यात पिटाळलं त्याला. चौथ्यांदा तो परतला नाही. मग मी गुपचूप उंची दुरुस्त केली आणि अहवालात लिहिलं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. बाईंना हे कळता कामा नये.

१६ ऑगस्ट
स्क्रीनवर दोन नंबर चालू झालंय. आकडा ९८१. माझ्या खोलीतला ९२१. साठचा फरक, म्हणजे साडेपाचशे मीटर खाली, कड्याच्या पायथ्याशी. बॅटरी कधीच संपायला हवी होती. काहीतरी बिघाड असेल.

१७ ऑगस्ट
९५८. कुणा गुराख्याला सापडलं असेल, घेऊन येतोय वर. पण त्या बाजूने वाट नाही.

१८ ऑगस्ट
९११. कडा. आकडा तासभर जागचा हलला नाही. रीडिंग घ्यायला थांबावं तसा.
दुपारी बाईंनी दोन ताटं वाढली. पहिल्यांदाच मला सायेब म्हणाल्या. मालकांचा फोन स्पीकरवर असायचा, समदं ऐकलंय मी. हितं तुमालाच धाडा म्हणून अर्ज मीच केला व्हता. ते गावात यायच्या आत कागदावर खरं लिवा. रीडिंग सायबाच्या हातात दिल्याबिगर ते जेवायचे न्हाईत.
हे सांगताना बाई हसत होत्या. मला त्यांची भीती वाटली. पण खरं लिहिलं तर नोकरी जाईल, जेलही होईल. नाही लिहिणार.

१९ ऑगस्ट
दरड पडली, एसटी बंद. चालत निघालो, धुक्यात वाट दिसेना, परत आलो.
९१५. उतरतोय.

२० ऑगस्ट, दुपार
९१९—
बाई अंगण झाडताहेत. वाट करून देताहेत—

९२१. माझं यंत्र जमिनीवर ठेवलं. दोन नंबरचा आकडा त्याहून ०.१५ ने कमी. म्हणजे जमिनीपासून साडेचार फूट.
गळ्याची उंची.
दाराला आतून कडी आहे. ओल्या चपलांचा वास आतून—

लिहितो. सावळेराम, हे बघ, लिहितोय. उंची चुकली होती. तुझा निष्काळजीपणा नव्हता. ती उंची टाकली होती म—