लग्न झालेल्यांची स्थळं

गुरुवार, संध्याकाळ. मुलुंड.

सोनल आज मंडईत भेटली. तिचं लग्न माझ्याच विवाहमंडळातून जमलेलं. कोथिंबीर निवडता निवडता हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या यादीतून माझं नाव काढलंत ना? आधीचा साखरपुडा मोडल्याचं सासूबाईंना ठाऊक नाहीये. ह्यांना सांगितलंय." मी म्हटलं, "कधीच काढलं गं."

घरी आले तर पल्लवी, माझी सून, कॉम्प्युटरवर नवा बॅकअप लावत बसलेली. म्हणाली, "आई, तुम्ही काढून टाकलेली स्थळं जुन्या बॅकअपमध्ये आहेतच की. किती दिवस ठेवायची? तीन महिने, वर्ष, का कायमची?" त्यात सोनलही होती. फोटो, पत्रिका, मोडलेला साखरपुडा, सगळं.

तरी तोंडातून निघालं, "कायमची." उसन्या साड्या नेसून स्टुडिओत काढलेले ते फोटो. कसे पुसायचे?

"लग्नं झाली ना त्यांची? मग कशाला हवीत ही स्थळं?"

"मुली परत आल्या तर?"

पल्लवी हसली. "तुमचा तुम्ही जमवलेल्या लग्नांवर भरवसा नाही वाटतं."

तेव्हापासून चैन नाही. अक्षता टाकून यायचं आणि मुलीची माहिती मात्र जपून ठेवायची, हे काय? पण दोघी खरंच परत आल्या होत्या, रडत. सगळं हाताशी होतं म्हणून त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. ही माया, की नुसती सवय?

शेवटी पल्लवीला सांगितलं, तीन महिने. त्याहून जुनं सगळं गेलं, सोनलचंही. जीव अजून थाऱ्यावर नाही. सोनल कधी आलीच, तर समोर बसवून चहा देईन. काय सांगायचं नि काय नाही, ते तिचं तिने ठरवावं.