झूमुरचं चित्र आगरतळ्याला जातं

आगरतळा
९ नोव्हेंबर १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विजयादशमीचा नमस्कार यंदा उशिरा पोचतोय, रागावू नकोस. हे सेवानिवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना पत्र टाकलं का म्हणून विचारतो, आणि टाकत कुणीच नाही.

एक मागायचं आहे. माझ्या झूमुरचं चित्र मला हवं. लेक जाऊन चौदा वर्षं झाली आणि फोटो पुढच्याच पुरात गेले, हे तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तांदूळ निवडताना तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले, तर शेजारच्या मुलीचा आला. सूप तसंच टाकून उठले. ह्यांना सांगितलं नाही. ती सात वर्षांची असताना तू काढलंस, तेवढंच आता उरलं आहे. ते तुझं सगळ्यात आवडतं चित्र, म्हणून आजवर मागायला धजले नाही.

माघातल्या सरस्वतीपूजेच्या आत आलं तर बरं. त्याच दिवशी आपण तिच्या हातात पहिल्यांदा पाटी दिली होती.

वहिनीला, माझ्या बौदीला, नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
बेलू


बारानगर, कलकत्ता
२४ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. बेलूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून टेबलावर ठेवलं. शेवटी तुझ्या बौदीनंच ते उचलून वाचलं आणि म्हणाली, की द्यायचं नसेल तर तसं कळवा, पण असं भिंतीकडे बघत बसू नका. द्यायचं आहे. माझा हात थरथरतो; पत्रापुरता चालतो, ब्रश दोन वर्षांत धरलेला नाही. तेव्हा त्या जागी आता दुसरं काही लागणार नाही, एवढंच.

कसं पाठवायचं, हा प्रश्न आहे. विमानाच्या माल-कचेरीत गेलो. तिथला माणूस वजन बघत नाही, खोक्याची लांबीरुंदी बघतो. त्यानं सांगितलेला आकडा माझ्या अडीच महिन्यांच्या पेन्शनइतका. गुंडाळून नळकांड्यातून पोस्टानं पाठवा, असंही एकानं सुचवलं. सतरा वर्षांचा जाड रंग वाकवला तर तिच्या कपाळावर भेगा पडतील. राहिला ट्रक. सरळ रेषेत तू इथून जेमतेम शंभर कोस, पण मध्ये दुसरा देश. खोकं गुवाहाटी, शिलचर करत सारा आसाम फिरून येणार, तीनदा उतरणार, तीनदा चढणार.

वैशाखात बौदीचा भाऊ तुमच्याकडे यायचा आहे. तो मांडीवर घेऊन आणेल, खर्चही नाही. तोवर थांब.

आमच्या जावईबापूंना, प्रभासला, आशीर्वाद. आठवण ठेवत जा.

तुझा,
दादा


आगरतळा
६ डिसेंबर १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू लहानपणापासून असाच. पेरू झाडावर नीट पिकू दे म्हणत बसायचास आणि पोपट खाऊन जायचे. मग आईच्या पदराआड रडायचास, हे बौदीला सांगू का?

वैशाखापर्यंत थांबवत नाही. मी रोज थोडं थोडं विसरतेय. काल तिच्या कानात काय होतं, तेच आठवेना. ट्रकनं पाठव. तू बांधलेलं काही फुटत नाही. माझ्या लग्नातली काचेची भांडी तूच बांधली होतीस आणि एकालाही तडा गेला नाही. ह्यांनी मनीऑर्डर केली आहे, ती परत करायचा बाणेदारपणा दाखवू नकोस.

घाई करते आहे, कळतं मला. सांभाळून घे.

तुझी,
बेलू


बारानगर
३० डिसेंबर १९८८

चि. सौ. बेलूस,
अ. उ. आ.

काल चित्र रवाना झालं. हाराधन मिस्त्रीनं देवदाराचं खोकं केलं. चौकटीचे चारही कोपरे कापसाच्या उश्यांत बसवले, म्हणजे ती कुठल्या फळीला टेकणार नाही. चित्रावर मेणकागद, त्यावर आमची जुनी रजई घट्ट बसवली, बाहेरून प्लॅस्टिक. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. उघडताना हातोडी लावायची नाही, हे प्रभासला बजावून सांग. हाराधन म्हणाला, की माणसालासुद्धा एवढं जपून कुणी पाठवत नाही.

एक काम मुद्दाम केलं. इतक्या वर्षांत धुरानं चित्र पिवळं पडलं होतं. पुसून काढलं आणि वरून व्हार्निशचा एक हात दिला. ब्रश रुंद होता, थरथर खपून गेली. झूमुरचे डोळे असे उघडले, की बौदी हाताचं पीठ न धुताच येऊन उभी राहिली. दहा दिवस वाळवलं, मगच बांधलं.

भिंतीवर चौकोनी डाग उरलाय. बौदीनं तिथं कॅलेंडर लावलं.

पोचताच दोन ओळी टाक. जीव टांगणीला आहे.

तुझा,
दादा


आगरतळा
२ मार्च १९८९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चित्र पोचलं. सरस्वतीपूजा होऊन गेली होती, असू दे. सुखरूप आहे. पूर्वेच्या भिंतीला लावलं आहे. बौदीलाही कळव. चूल पेटली आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

लोभ असावा.

बेला


आगरतळा
११ मार्च १९८९

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी बेलाच्या नकळत लिहीत आहे. तुम्हाला काही कळू द्यायचं नाही, असं तिनं मला बजावलं आहे. पण जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि तुम्ही मला चांगला समजत राहावं, हे मला सोसत नाही.

ट्रकवाल्यांच्या संपात खोकं शिलचरला पाच आठवडे पत्र्याच्या गोदामात पडून होतं. आलं तेव्हा लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता. मी एकेक स्क्रू काढला. बेला इस्त्रीची साडी नेसून समोर बसली होती. रजई निघाली, पण मेणकागद चित्राला चिकटलेला होता. मी हलकेच ओढला. केस राहिले, फ्रॉक राहिला, मांडीवरचे हात राहिले. चेहरा कागदाबरोबर निघून आला.

बेलानं कागद माझ्याकडून घेतला आणि उजेडाकडे धरून बघत राहिली. त्यावर रंगाच्या नुसत्या खपल्या होत्या. चित्र भिंतीला लावलेलं नाही, कपाटामागे आहे.

मी थोडं थांबून कुणा जाणत्याला विचारायला हवं होतं. क्षमा मागायचं तोंड नाही. तरी आपला म्हणावं.

प्रभास


बारानगर
२० मार्च १९८९

चि. सौ. बेलूस,
अ. उ. आ.

प्रभासनं सगळं कळवलं. त्याला बोलू नकोस. दोष त्याचा नाही, ट्रकवाल्याचाही नाही. व्हार्निश दहा दिवसांत हाताला लागेनासं होतं, पण आतून सुकायला महिने जातात. त्यावर काही दाबून बांधायचं नसतं. हे मी शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं. मला ठाऊक होतं आणि तरी केलं, चेहऱ्यावर तर सगळ्यांत जाड दिलं. तुला ते लखलखीत दिसावं म्हणून, असं आधी लिहिणार होतो. खरं ते लिहितो: चित्र कायमचं जायच्या आधी मला एकदा त्याला हात लावायचा होता.

परत पाठव. औषधाचा डोस वाढवून घेतो, सकाळी तासभर हात बरा असतो. चेहरा पुन्हा काढायचा प्रयत्न करीन.

आशीर्वाद लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

दादा


आगरतळा
१ एप्रिल १९८९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी खोटं लिहिलं, त्याबद्दल रागावू नकोस. तू तिकडे झुरशील, एवढंच डोक्यात होतं. आणि तू वैशाखापर्यंत थांब म्हणाला होतास. ती घाई माझी होती. ती तुझ्या पदरात घालून मी मोकळी होणार नाही.

चित्र परत पाठवत नाही. तू आता काढशील ती कुणीतरी गोड मुलगी होईल, आणि वर्षभरात मला तीच झूमुर वाटायला लागेल. त्याची मला भीती वाटते.

एकच कर. तू अठरा दिवस तिच्यासमोर बसला होतास. मी आई, पण इतका वेळ तिच्याकडे बघत कधी बसले नाही, कामं असायची. तिचा चेहरा कसा होता, ते लिहून पाठव. सुंदर करून लिहू नकोस.

वाट बघते.

तुझी,
बेलू


बारानगर
१४ एप्रिल १९८९

चि. सौ. बेलूस,
अ. उ. आ.

पाच दिवस बसून एवढं जमलं.

मला रंग आठवतात. गालाला पिवळ्या मातीचा रंग, पांढरा आणि ब्रशच्या टोकावर घेतलेला शेंदरी. हनुवटीखाली हिरवट छटा द्यावी लागली, कारण उजेड खिडकीतल्या केळीवरून यायचा. नाकाला रेघ नव्हती, नुसती सावली.

डावी भुवई उजवीपेक्षा वर होती. मी दोन्ही सारख्या काढल्या, तर झूमुर आरसा घेऊन आली आणि म्हणाली, की मामा, तू ही चुकवलीस. मी हसलो आणि तशीच ठेवली. खालचा ओठ पौषाच्या थंडीनं मध्यभागी फुटला होता. तो मी नीट काढला. पुढचा एक दात अर्धा आला होता, म्हणून तोंड मिटायला लावलं. बोलताना ती त्या दातावर जीभ लावायची.

डोळे लिहिता येत नाहीत. आठवायला बसलं की माझं चित्रच समोर येतं, ती येत नाही. सतरा वर्षं रोज त्याच्याकडे बघत होतो, बेलू. तिला बघतोय असं वाटायचं.

तेव्हा भुवई, ओठ आणि दात एवढं तू ठेव. ते चित्रात कधीच नव्हतं. डोळ्यांचं काही आठवलं तर त्याच दिवशी लिहीन. आठवेल असं वाटत नाही.

प्रभासला जप. माझ्यावर जमेल तेवढी माया राहू दे.

तुझा,
दादा