लिनच्या आईकडचं जेवण

रविवार, ९ नोव्हेंबर

आणि घरात आधी कोण शिरलं, तर ती म्हातारी. लिनबाई अजून रस्त्यावर गाडीच लावत हुती. लिनबाई म्हंजी आमच्या कोमलची कंपनीतली साहेबीण, चीनची. म्हातारी तिची आई, लेकीला भेटाय आलीय. समोरची हौसा वट्यावर लसूण सोलत बसलेली, तिनं पयलं बघितलं. "आक्काऽ, ऊठ! तुज्याकडं चिनी आल्यात!" एवढ्या मोठ्यानं, की देवळात पत्ते कुटणारे बाप्ये बी बाहेर आले.

म्हातारीनं चपला बाहेर काढल्या. तिथं नाव ठेवाय जागा न्हाई. पण मग सरळ माझ्या चुलीपाशी. कालवणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला, मान हलवली, परत ठेवलं. माझ्या विहिणीनं कधी उचललं न्हाई ते झाकण!

चहा केला. आलं घालून, म्हशीच्या दुधाचा. दोन घोट घेऊन कप खाली. मग मागितलं काय, तर गरम पाणी. माठातलं गार पाणी समोर हाय आणि हिला भर दुपारी गरम पायजे, आजाऱ्यावानी. दिलं. फुंकून फुंकून प्याली.

जाताना म्हणाल्या, शुक्रवारी आमच्याकडं जेवाय या. कोमलनं मला न इचारता हो म्हणून टाकलं.

गुडघे तसेच.

सोमवार, १०

कशाला आल्या त्या मला म्हाईत हाय. को.ला, म्हंजी कोमलला, कंपनी वरीसभर तिकडं धाडणार, नव्या मशिनीचं शिकाय. लिनबाईच्याच गावाला. आणि ऱ्हायचं कुटं? तर ह्या म्हातारीच्या घरी. म्हातारी पुढच्या महिन्यात परत जाणार, को.ला संगट घेऊन.

दत्तू, माझा ल्योक, पोरीचा बाप. तो काय म्हणतो? "आई, पोर तू वाढवलीस. तू हो म्हण, मग मी म्हणतो." बाप्यांचं बरं असतंय. वाईट कुणी व्हायचं, तर म्या.

सूनबाई गेली तवा को. भिंतीला धरून चालत हुती. तवापासनं माझ्याच पदराला.

ती कंपनी उभी हाय तितं आमचं भुईमुगाचं रान हुतं. लाल माती, शेंग उपटली की मुठीत मावायची न्हाई. आता तितं गेट हाय नि गेटावर शिट्टीवाला. रान घेतलं, आता पोरगी पायजे.

शुक्रवारी जाणार मी. जेवाय न्हाई. बघाय. काय शिजतंय, कसं शिजतंय, पोरीच्या पोटात काय जाणार. एक खोड सापडू दे, मग बघते कोण नेतंय.

बुधवार, १२

भात झोडून झाला. इंद्रायणीच्या वासानं घर भरलंय. दत्तूची पाठ धरलीय, शेकली.

हौसा आलती. "आक्का, जाऊ नगंस. साप खात्यात ते." मी म्हणलं, तू कुटं बघितलंस? तर म्हणती, "मोबायलवर." हिच्या सुक्या बोंबलाच्या वासानं आळीतली मांजरं येडी हुत्यात आणि ही दुसऱ्याच्या ताटाचं बोलणार. तसं तोंडावर सांगितलं. उठून गेली. परवा येईल परत, साखर मागाय.

पण सापाचं डोक्यात ऱ्हायलंच. को.ला इचारलं. ती म्हणली, "आजी, तू गेल्या पावसाळ्यात खेकड्यांची नांगी कशी फोडून चोखत हुतीस, ते मी त्यांना दाखवलं असतं तर?" शिकलेल्या पोरींना उत्तरं लय येत्यात.

डब्यात अळूवड्या न्यायच्या. रिकाम्या हातानं कुणाकडं गेले न्हाई अजून, वैऱ्याकडं बी न्हाई.

शुक्रवार, १४

जाऊन आलो. सगळं लिवते, न्हाईतर झोप यायची न्हाई.

तळेगावला सोसायटीत लय वर घर. लिफ्टमधी माझ्या कानात दडे. म्हातारी दारातच. दोन्ही हातांनी माझा डबा घेतला, वाकली, हसली, आणि नेऊन ठेवला फ्रीजवर. उघडला न्हाई! झाकणाला हात बी लावला न्हाई. आपल्याकडं कुणी डबा आणला तर ताटलीत काढतो, "अगं बाई, कशाला एवढं" म्हणतो, एक तुकडा तोंडात टाकतो. सकाळपासनं पानं धुऊन, चिंच लावून, वळून, उकडून, तळून... आणि फ्रीजवर.

मग गरम पाणी. मला बी.

टेबल गोल. ताटं न्हाईत. पुढ्यात एकेक वाटी आणि दोन काड्या. कालवणं, भाज्या सगळ्या मधी, आणि ज्यानं त्यानं आपल्या काड्या घालायच्या. तोंडातनं काढली काडी की परत भांड्यात. मी को.ला हळूच म्हणलं, "वाढाय पळी न्हाई व्हय ह्यांच्यात?" ती म्हणली, "आजी, गप."

मासा सबंध, डोळ्यासकट, तोंड माझ्याकडं करून ठेवलेला. हळद न्हाई, तिखट न्हाई, वर नुसती पात नि आल्याचे दोरे. बाळंतिणीला देतात तसला. को. म्हणली, "मोठ्या माणसाकडं तोंड करतात, मान असतो तो." मी म्हणलं, "दिसतोय मान. डोळे वटारून बघतोय माझ्याकडं." को.ला हसू आलं. लिनबाईनं इचारलं काय झालं, को.नं सांगितलं, मग ती बी हसली. म्हातारी हसली न्हाई. तिचं सगळं ध्यान माझ्या वाटीकडं.

अंडं नि टमाट्याचं कालवण, बरं. काकडी ठेचून लसणात, बरी. मोदकासारखं एक हुतं, आडवं, आत कोंबडी नि पात. कळ्या पाडलेल्या बारीक, सारख्या. मी सरळ हातानं उचललं. चांगलं हुतं. खोटं कशाला लिवू. अजून एक घेतलं. मग लिनबाई उठून आत गेली तवा अजून एक. म्हातारीनं बघितलं.

आणि मग ते झालं.

म्हातारीनं आपल्या काड्यांनी माशाच्या पोटाचा मऊ तुकडा तोडला. काटे काढले, एकेक. आणि तो माझ्या वाटीत ठेवला. त्याच काड्यांनी. आत्ता तिच्या तोंडातनं निघालेल्या! जन्मात परक्याचं उष्टं शिवले न्हाई मी. सासूचं बी न्हाई, आणि सासू लय कडक हुती माझी. मी वाटी सरकवली बाजूला. तिला वाटलं मासा आवडला न्हाई, तर कोंबडी ठेवली. मग अंडं. मग परत मासा. वाटीत डोंगर. मी हात मांडीवर ठेवून बसले. ती म्हणती, "ची, ची." म्हंजी खा, खा. मी म्हणते, "नगं, नगं." दोघींचा बी आवाज वाढला. आग्रहात मला कुणी हरवलं न्हाई आजवर, माझ्या पंगतीतनं माणसं पोट धरून उठल्यात, पण ही बाई दमतच न्हाई.

को.ला कळलं माझं काय चाललंय. ती लाल झाली.

तेवढं चाललं असतं. खोड सापडली म्हणून मी मनात खूषच हुते.

पण मग म्हातारीनं तसाच तुकडा तोडला, काटे काढले, आणि को.च्या वाटीत ठेवला. आणि को.नं बघितलं बी न्हाई. लिनबाईशी बोलत बोलत उचलला नि खाल्ला. जसं रोजचंच.

रोजचंच. म्हंजी ही पोर हितं किती जेवलीय? मला सांगायची, "आजी, आज ओवरटाईम हाय, जेवून येते."

भात सगळ्यात शेवटी आला, नुसता, कोरडा. खाल्ला. भाताशी माझं भांडण न्हाई.

शनिवार, १५

काल जीपमधी येताना को.ला म्हणलं, तुज्या म्हातारीनं माझा डबा उघडला बी न्हाई. को. म्हणती, "आजी, आपल्यात पाहुण्यासमोर उघडत न्हाईत. हावरटपणा दिसतो."

आपल्यात.

कुणाच्यात गं? मी इचारलं न्हाई. जीपमधी पवनानगरची माणसं हुती, कशाला तमाशा. पण सोमाटण्यापासनं घरापतोर मी बाहेर बघत ऱ्हायले. ती बी.

घरी येऊन भाकरी नि ठेचा खाल्ला. दत्तू म्हणला, "आई, जेवून आलीस ना?" म्हणलं, "बघून आले. उष्टं चारत्यात. माझा नकार हाय." दत्तूचं तोंड एवढंसं. को. वर निघून गेली.

आज हौसा साखर मागाय आली. तिला सगळं सांगितलं, मासा, काड्या, सगळं. लय खूष झाली. मी बी. दोघींनी दुपार काढली म्हातारीला नावं ठेवण्यात. मोदकाचं तेवढं सांगितलं न्हाई.

सोमवार, १७

को. दोन दिस बोलत न्हाई. आज भांडी घासताना आपणच बोलली.

"आजी, मी लहानपणी ताटात टाकायचे ते कोण खायचं?"

"मी."

"ते उष्टं नव्हतं?"

"ते तुझं हुतं."

"मग तिनं माशाचा चांगला तुकडा काढून मला दिला, तर ते काय?"

मी म्हणलं, "ती कोण लागती तुझी?"

तिनं नळ बंद केला. म्हणली, "अजून कोण न्हाई लागत. पण तितं वरीसभर मला कुणीच नको का?"

राखेचा हात तसाच घेऊन परसात गेले. कोंबड्यांना दाणे टाकले. टाकले हुते सकाळीच, परत टाकले.

मागनं कळलं, दत्तूकडनं, त्याला को.नं सांगितलेलं. म्हातारीनं त्या रात्री डब्यातल्या सगळ्या अळूवड्या एकटीनं खाल्ल्या, लिनबाईला दोनच दिल्या. दुसऱ्या दिशी घसा खाजला म्हणं. चिंच कमी पडली का काय माझी. न्हाई, पडली नसंल. तिनंच गारढोण खाल्ल्या असत्याल.

मंगळवार, १८

काय न्हाई. गुडघे जास्त. थंडी पडली.

बुधवार, १९

परत आल्या दोघी. सांगून न्हाई, अश्याच. लिनबाईच्या हातात संत्र्यांची पिशवी. हौसा वट्यावर हुतीच, पण आज वरडली न्हाई, नुसती उठून उभी. म्हातारीनं तिला बी वाकून नमस्कार केला. हौसानं पदर सावरला! साप खाणारीला!

मी वट्यावर तांदूळ पाखडत बसलेले. उठले न्हाई. बसा म्हणलं, तेवढं. म्हातारी बसली ती माझ्या शेजारीच, पाय दुमडून, माझे गुडघे असे नि तिचे तसे. थोडा येळ बघितलं. मग माझ्या हातातलं सूपच घेतलं. मी सोडंना, ती बी सोडंना. को. आतनं वरडली, "आजी!" सोडलं.

पाखडलं की बाईनं. तिकडची तऱ्हा जरा येगळी, सूप आडवं फिरवती, पण कोंडा बाहेर नि दाणा आत. मूठभर दाणे घेऊन वास घेतला. लेकीला कायतरी म्हणली. लिनबाईनं सांगितलं नि को.नं मला, "आजी, ती म्हणती असला तांदूळ तिच्या आईकडं हुता." मी म्हणलं, "असा नसंल." को.नं ते सांगितलं न्हाई वाटतं, कारण म्हातारी हसली.

चहा केला न्हाई. गरम पाणी केलं. त्यातनं माझी हार नगं समजाय, दूध कमी हुतं.

मग म्हातारीनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं तोंड करून, हळूहळू, लांबलचक काय तरी बोलली. लिनबाईनं ते को.ला सांगितलं, पण को. मला सांगंना. मी म्हणलं, "काय म्हणती?" को. खाली बघून म्हणली, "ती इचारती, कोमल आजारी पडली की तिला खायला काय देता?"

हौसा पलीकडं उभी. लिनबाई मोबायल हातात घेऊन. सगळी माझ्या तोंडाकडं.

मी म्हणलं, "काय न्हाई. आजारी पडत न्हाई ती. समदं खाती."

को.नं बघितलं माझ्याकडं. मग जसंच्या तसं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, पण तिला पटलं न्हाई, मला कळलं. आजारी न पडणारी पोर कुणी बघितलीय. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. खरखरीत हात. मी काढून घेतला. लगेच न्हाई.

लिनबाई म्हणली, रविवारपतोर हो का न्हाई ते कंपनीला सांगायचंय. हो का न्हाई, आजीनं सांगावं. समदं गाव माझ्या माथ्यावर.

त्या गेल्यावर को.नं माझ्या पायाला तेल लावून दिलं नि गेली.

ताप आला की को.ला फकस्त भाताची पेज लागती. इंद्रायणीच्या कण्यांची, पातळ न्हाई, जाडसर. जिरं घालायचं न्हाई, ओकती. मीठ नि लिंबाच्या लोणच्याचा खार, बोटाच्या पेरावर येईल एवढाच. आणि शेजारी बसून ऱ्हायचं, न्हाईतर दोन घास खाऊन वाटी ठेवती नि संपलं म्हणती. हे दत्तूला बी म्हाईत न्हाई. हे सांगितलं म्हंजी मग काय ऱ्हायलं माझ्याकडं.

कण्या येगळ्या काढून ठेवल्यात आज, फडक्यात बांधून. कशाला, ते ठरवलेलं न्हाई.

रविवारी दुपारी परत येतो म्हणून गेल्यात दोघी.