कपाटात गेलेला पाठ

आदरणीय दाजी,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच केलेला नमस्कार घ्यावा. आपली शुगर कशी आहे? ताईचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर मला कळवू नका, इथे आधीच पुरेसं झालं आहे. माझी तब्येत बरी म्हणायची. छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणतात काही नाही. (काही नाही म्हणतात तेव्हाच मला जास्त भीती वाटते.)

झालेला प्रकार सांगतो. चिरंजीवांचा कारखाना बंद पडल्यापासून घर सूनबाईच्या पगारावर चाललं आहे, आणि तिची प्राथमिक शाळेतली नोकरी अजून कच्ची. तपासनीस येऊन तिचा पाठ बघणार, पटला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. इयत्ता दुसरी, विषय इंग्रजी, आणि पाठ इन, ऑन, अंडर, बिहाइंडचा. म्हणजे बाईंनी चेंडू खुर्चीखाली ठेवायचा आणि तो कुठे आहे ते मुलांनी इंग्रजीत सांगायचं. (मी स्वतः सातवी नापास. आमच्या वेळी चेंडू कुठे आहे हे कुणी विचारत नसे, कारण चेंडूच नव्हता.) त्यात महिन्यापूर्वी ती जिन्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता चेंडू, डबा, कापडी मांजर हे सगळं उचलणार कोण? चिरंजीव दिवसभर कामाच्या शोधात, रिकामा मीच. दोघांनी गळ घातली, म्हणून रोज तिच्यामागे पिशवी घेऊन शाळेत जाऊ लागलो.

दाजी, मी अडतीस वर्षं गोदाम सांभाळलं. एकदा मशीनचा एक पट्टा जागेवर सापडला नाही, मशीन तीन दिवस बंद राहिलं आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझा उद्धार केला. तेव्हापासून वस्तू भलत्या ठिकाणी दिसली की मला घाम फुटतो. आणि इथे तर पाठच वस्तू भलत्या ठिकाणी ठेवण्याचा. तीस मुलं, चेंडू खुर्चीखाली, मांजर दाराआड, आणि तास संपेपर्यंत दोन वस्तू गायब. म्हणून मी (सूनबाईला न विचारता, हे कबूल करतो) वर्गातल्या कपाटाच्या फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मुलांना शिस्त लावली, की उत्तर झालं की वस्तू लगेच कपाटात. मुलं इतकी तयार झाली की मी नुसतं खाकरलो तरी पुरे. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी तर माझ्या खाकरण्याचीही वाट बघेना. निवृत्त झाल्यापासून माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तपासनीस आले. मी मागच्या बाकावर, न वाकणारे गुडघे कसेबसे आत कोंबून. साहेबांनी स्वतःच चेंडू खुर्चीखाली ठेवला, मुलांकडे वळले आणि चेंडू कुठे आहे असं विचारलं. ते वळेपर्यंत दोन वेण्यांच्या पोरीने चेंडू कपाटात जागेवर नेला होता. तीसही मुलं एका सुरात म्हणाली, इन द कबर्ड. साहेबांनी वाकून खुर्चीखाली पाहिलं. मग मांजर दाराआड ठेवलं. इन द कबर्ड. डबा टेबलावर. इन द कबर्ड. सूनबाई त्या मुलीला डोळ्यांनी दटावत होती, पण पोरीला वाटलं, बाई खूश आहेत. शेवटी साहेबांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो ‘इतर’ या फळीवर गेला, आणि सगळं जागेवर गेलं की कुलूप, या माझ्या गोदामाच्या नियमाप्रमाणे पोरीने कपाटाचं दाबायचं कुलूपही लावलं. किल्ली माझ्या खिशात. मी उठायला गेलो तर बाकात अडकलो. दोन मुलांनी ओढून बाहेर काढलं, तेव्हा कुठे कपाट उघडलं.

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “उत्तरं सगळी बरोबर होती, बाई,” ते म्हणाले, “पण ऑन, अंडर आणि बिहाइंड गेले कुठे?” मग बराच वेळ काहीतरी लिहीत बसले आणि कळवतो म्हणून निघून गेले.

घरी सूनबाईने डाव्या हाताने मला वाढलं आणि भाजी हवी का एवढंच विचारलं. चार शब्द सुनावले असते तर घास तरी उतरला असता. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही घरीच बसायचं होतं.” मी म्हटलं, “घरीच बसलो होतो, तुम्ही दोघांनीच उठवलंत.”

ताईला नमस्कार.

आपला मेहुणा (अजून तरी आहे)

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. शाळेचा कागद यायच्या आत मला इथून निघायचं आहे. तो वाचताना सूनबाईचं तोंड मला बघवणार नाही. आपल्या पुढच्या खोलीतली खाट रिकामी असेल तर परवाच येतो. मी कमी खातो, आणि आपल्या कपाटांना हात लावणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करायच्या आत सूनबाईने हे पत्र वाचलं. शाळेकडून निरोप आला आहे, तपासनीस सोमवारी हाच पाठ पुन्हा बघणार. ती म्हणाली, “बाबा, खाटेचं नंतर बघू. हातात तीन दिवस आहेत. सवय तुम्ही लावलीत, मोडायचीही तुम्हीच.” तेव्हा उद्यापासून मी तीस मुलांना वस्तू जिथे पडली तिथेच सोडून द्यायला शिकवणार आहे. आत्तापासूनच धडधडतं आहे. खाट मंगळवारपर्यंत कुणाला देऊ नये.