अर्जातलं कारण

मंगळवार, भांडुप

बँकेत जाऊन आलो. बाईकचा एक हप्ता उशिरा गेला, त्याचा शेरा क्रेडिट रिपोर्टवरून माणुसकी म्हणून काढा, असा अर्ज. नाहीतर घराचं लोन अडतंय. बायको म्हणाली होती, "कारणात आईचं हॉस्पिटल लिही ना." आई धडधाकट, समोर तांदूळ निवडत बसलेली. कसं लिहू? खरंच लिहिलं: गणपतीला गावी गेलो, खात्यात पैसे ठेवायचे राहिले.

बँकेतल्या मॅडमनी ते कारण दोनदा वाचलं.

"गाव कुठलं?"

"मालवणजवळ."

हसल्या. मला वाटलं, झालं काम.

"मीपण तिकडचीच. दरवर्षी जाते," म्हणाल्या. "हप्ता भरून."

अर्ज ठेवून घेतलाय, आठवड्याने कळवतील. हॉस्पिटल लिहिलं असतं तर? बायकोला अजून काही बोललो नाही. आई मघापासून विचारतेय, यंदाची तिकिटं काढलीस का.