माझ्याच हातचं पत्र

रिहे, बुधवार, १४ जून १९६१

लग्नानंतर मुलगी नोकरी करणार नाही, असं आज आबांनी माझ्याच हातून लिहून घेतलं. घोटावड्याच्या पाहुण्यांना ते लेखी हवं होतं, आणि घरात लिहिता येणारी मी एकटीच.

"आबा, मला शाळेत शिकवायचंय. लग्न नकोच."

"तुला कोन इचारतंय? लिही."

आई कौतुकानं म्हणाली, "अक्षर बगा, मोत्यावानी हाय!"

मी दुसरंच काही लिहिलं असतं तर? कुणाला कळलं असतं? पण आबांनी वाचून न घेताच खाली अंगठा उठवला. माझ्या लिहिण्यावर एवढा विश्वास, मग माझ्यावर का नाही? बी.ए. कशाला झाले मी? ते मोत्यासारखं अक्षर आता बघवत नाही.

उद्या पत्र टपालात टाकायलाही मलाच सांगितलंय.